ऐंशी वर्षांच्या वेलीची रेड वाइन सात युरोंत कशी मिळते?

भारत आणि युरोपीय संघ यांच्यातल्या मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याची घोषणा 27 जानेवारी 2026 रोजी झाली आणि वाइनवरच्या आयातशुल्काची चर्चा सुरू झाली. आतापर्यंत हे शुल्क 150 टक्के होते. करार अमलात आल्यावर ते टप्प्याटप्प्याने उतरून मधल्या किमतीच्या वाइनसाठी 30 आणि महागड्या वाइनसाठी 20 टक्क्यांवर येणार आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या दुकानांत युरोपातल्या अनोळखी गावांच्या बाटल्या वाढतील. त्यांतल्या काहींवर ‘जुन्या वेलींची’ असे लिहिलेले असेल, वाइनरी एका कुटुंबाची असेल आणि किंमत नावाजलेल्या फ्रेंच बाटलीच्या निम्मीही नसेल.

अशी बाटली हातात घेतली की दोन शंका येतातच. वेल जुनी झाली की फळ कमी धरते, मग तिची वाइन स्वस्त कशी? आणि स्वस्त आहे, तर जुन्या वेलींची गोष्ट खरी कशावरून? या दोन्ही शंकांचे उत्तर समजून घ्यायला आग्नेय स्पेनमधला हुमिया हा प्रदेश फार चांगला आहे. (लेबलवर हे नाव इंग्रजी ‘जे’ने सुरू होते आणि वाचताना ‘जुमिला’ वाटते.) तिथे जुन्या वेली भरपूर आहेत, वाइन चांगली आहे, भाव कमी आहे आणि नेमक्या त्याच भावामुळे त्या वेली धोक्यातही आहेत.

आधी बाग कशी असते ते पाहू

हुमिया हा मुर्सिया आणि आल्बासेते या दोन प्रांतांत पसरलेला कोरडा, उंच पठारी भाग. बागा समुद्रसपाटीपासून साधारण 400 ते 900 मीटर उंचीवर. वर्षाचा पाऊस सुमारे 300 मिलिमीटर, म्हणजे आपल्या आटपाडी-जतपेक्षाही कमी. जमीन चुनखडीची, पांढरट, काही पट्ट्यांत निव्वळ वाळू. या प्रदेशाच्या नावाने वाइन विकण्याचे नियम ठरवणारी अधिकृत व्यवस्था 1966 पासून आहे.

द्राक्षाची मुख्य जात मोनास्त्रेल. फ्रान्समध्ये हीच जात मूर्वेद्र आणि ऑस्ट्रेलियात मातारो म्हणून ओळखली जाते. मणी लहान, साल जाड, रंग गडद. ही जात उशिरा फुटते, त्यामुळे वसंतातल्या हिमकडाक्यातून बऱ्याचदा वाचते, आणि उशिरा पिकते, त्यामुळे तिला भरपूर ऊन लागते. हुमियात ते हवे तेवढे आहे.

नाशिक-सांगलीची बाग डोळ्यांसमोर असेल तर हुमियाची जुनी बाग ओळखूच येणार नाही. मांडव नाही, ‘वाय’ आकाराचे लोखंडी आधार नाहीत, तारा नाहीत, ठिबक नाही. वेल म्हणजे गुडघ्याएवढे जाड, पिळवटलेले खोड आणि त्यावर तीन ते पाच आखूड ओलांडे, म्हणजे कायमच्या फांद्या. हिवाळ्यातल्या छाटणीत प्रत्येक ओलांड्यावर दोन डोळ्यांची (कोंबांची) एक काडी ठेवतात, बाकी सगळे काढतात. उन्हाळ्यात फुटवे चहूबाजूंनी छत्रीसारखे पसरतात आणि घड त्यांच्या सावलीत राहतात. जमिनीलगत वारा कमी लागतो आणि पानांचा पसारा आटोपशीर असतो, त्यामुळे पाणी कमी उडते. वेलींमधले अंतर दोन्ही बाजूंनी अडीच मीटर, कारण प्रत्येक वेलीला पावसाचे पाणी गोळा करायला तेवढी जमीन लागते.

या अंतराने हेक्टरी 1,600 वेली बसतात. जुनी जिरायती वेल वर्षाला दीड किलोच्या आसपास माल देते असे धरले, तर हेक्टरी 2,400 किलो, म्हणजे एकरी एक टनही नाही. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षांची बाग एकरी आठ-दहा टन देते. 750 मिलिलिटरच्या एका बाटलीला साधारण 1.1 किलो द्राक्षे लागतात. म्हणजे जुन्या बागेच्या एका हेक्टरातून जेमतेम 2,100-2,200 बाटल्या निघतात. हे आकडे लक्षात असू द्या. पुढचा सगळा हिशेब यांच्यावरच उभा आहे.

वेल इतकी वर्षे जगलीच कशी?

युरोपात शंभर वर्षांची बाग दुर्मीळ असण्याचे मोठे कारण फायलोक्सेरा. मुळांतला रस शोषणारा हा मावावर्गीय किडा अमेरिकेतून आला. 1860 च्या दशकात फ्रान्समध्ये त्याचा प्रादुर्भाव दिसला आणि पुढच्या काही दशकांत युरोपातल्या बहुतेक बागा त्याने संपवल्या. स्पेनमध्ये 1878 मध्ये तो मालागाजवळ आढळला. उपाय एकच ठरला: अमेरिकी जातीच्या खुंटावर युरोपीय जातीचे कलम करायचे, कारण अमेरिकी मुळे हा किडा सहन करतात. आपले द्राक्ष बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात, तोही मूळचा अमेरिकीच. फक्त आपल्याकडे तो क्षारांसाठी आणि पाण्याच्या ताणासाठी वापरला जातो.

हुमियाला फायलोक्सेरा पोहोचला तो थेट 1989 मध्ये. उर्वरित युरोपाच्या शंभर वर्षे मागे. तोवर इथे वेली स्वतःच्याच मुळांवर वाढत होत्या आणि त्या उपटण्याचे कारण नव्हते. 1989 नंतर बऱ्याच बागा मेल्या. वाळूच्या पट्ट्यांत मात्र किड्याला मुळांपर्यंत वाट काढता येत नाही, कारण वाळूत त्याने केलेल्या फटी लगेच बुजतात. तिथल्या बागा टिकल्या. ओया दे सांता आना हा असाच वालुकामय पट्टा. बोदेगास ओलिवारेस या कौटुंबिक वाइनरीची ‘आल्तोस दे ला ओया’ ही मोनास्त्रेल तिथल्या विनाकलमी जुन्या वेलींची आहे, आणि कमी किमतीत जुन्या बागेची चव देणाऱ्या वाइनचे ते अतिशय प्रामाणिक उदाहरण आहे. कासा कास्तियो या दुसऱ्या कौटुंबिक वाइनरीकडे 1940 च्या दशकात लावलेली विनाकलमी बाग आहे. तिची वाइन मात्र आता दुर्मीळ आणि महाग झाली आहे.

जुनी वेल वेगळे काय करते?

तीन-चार वर्षांची वेल आणि साठ वर्षांची वेल यांच्यात पहिला फरक साठ्याचा. वेल हिवाळ्यात झोपते तेव्हा पुढच्या हंगामाची बेगमी पिष्टमय पदार्थांच्या रूपात खोडात आणि मुळांत भरून ठेवते. खोड जितके जाड, तितका साठा मोठा. घरात धान्याने भरलेली कणगी असली की एखादे वर्ष पीक बुडाले तरी चूल विझत नाही, तसेच हे आहे. कोवळ्या वेलीकडे कणगीच नसते. ती त्या वर्षीच्या पावसावर आणि उन्हावर पूर्ण अवलंबून असते.

दुसरा फरक मुळांचा. जिरायती जमिनीत वरचा थर जूनमध्येच सुकतो. ज्या वेलींची मुळे चुनखडीच्या फटींतून खाली गेली आहेत त्यांना ऑगस्टमध्येही थोडी ओल मिळत राहते. ताण बसतो, पण पाने गळण्याइतका बसत नाही. कोवळी वेल अशा वेळी पाने वाचवण्यासाठी काम थांबवते. मग साखर पुढे जाते, पण साल आणि बिया कच्च्या राहतात. अशा फळाची वाइन दारूने चढलेली आणि चवीला हिरवट होते. जुन्या वेलीत साखर, रंग आणि सालीतला तुरटपणा (याला टॅनिन म्हणतात) एकमेकांच्या जवळपास पिकतात.

तिसरा फरक भाराचा. जुनी वेल आपणहून कमी घड धरते. तरुण बागेत शेतकऱ्याला घड विरळणी करून जो भार कमी करावा लागतो, तो इथे वेलच सांभाळते.

या सगळ्याचा परिणाम एका शब्दात सांगायचा तर सातत्य. जुन्या वेलींची वाइन दरवर्षी उत्तमच होते असे नाही. ती वाईट वर्षी फार वाईट होत नाही. माझ्या मते जुन्या बागेचा खरा गुण हाच, आणि लेबलवर त्याचा उल्लेख सहसा नसतो.

मग वय वाढेल तशी वाइन चांगली होते का?

नाही. आणि इथे वाचकाने सावध असावे.

जर्मनीतल्या गाइझेनहाइम या द्राक्षसंशोधन केंद्रात रीसलिंग जातीच्या 1971, 1995 आणि 2012 मध्ये लावलेल्या वेलींची शेजारी-शेजारी तुलना झाली. कोवळ्या वेली वेगळ्या वागल्या, पण 1971 आणि 1995 च्या वेलींमध्ये फारसा फरक निघाला नाही. याचा अर्थ असा की वेल एकदा प्रौढ झाली, मुळे पसरली, खोड भरले, की पुढची प्रत्येक दहा वर्षे काही नवे देतीलच असे नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ज्या बागांचे फळ सुमार होते त्या केव्हाच उपटल्या गेल्या. आज उभी आहे ती बाग बहुधा चांगल्या जागी होती, योग्य जातीची होती आणि कुणीतरी ती जिवापाड सांभाळली होती. म्हणजे वयाचा गुण म्हणून आपण जे चाखतो, त्यातला मोठा वाटा जागेचा आणि निगराणीचा असतो. म्हातारी पण चुकीच्या जागी लावलेली, विषाणूंनी पोखरलेली बाग मिळमिळीतच वाइन देते.

‘जुन्या वेली’ हे शब्द लिहायला युरोपीय संघात वयाची कायदेशीर अट नाही. स्पॅनिश लेबलवर इंग्रजी ‘व्ही’ने सुरू होणारे दोन शब्द लागोपाठ दिसतील, उच्चार ‘बिन्यास बिएखास’. ते तीस वर्षांच्या बागेसाठीही वापरता येतात आणि शंभर वर्षांच्याही. आंतरराष्ट्रीय द्राक्ष आणि वाइन संघटनेने 2024 मध्ये पहिल्यांदा व्याख्या ठरवली: 35 वर्षे किंवा अधिक वयाची नोंद असलेली वेल जुनी, आणि ज्या बागेतल्या किमान 85 टक्के वेली अशा आहेत ती बाग जुनी. ही शिफारस आहे, सक्ती नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र 35 वर्षांवरील बागांच्या वाइनला लागवडीचे साल छापलेले प्रमाणित मोहोरपत्र मिळते, आणि ऑस्ट्रेलियातल्या बरोसा भागात 2009 पासून 35, 70, 100 आणि 125 वर्षांचे चार टप्पे ठरलेले आहेत. स्पॅनिश बाटली घेताना लेबलवर किंवा वाइनरीच्या माहितीत लागवडीचे साल किंवा बागेचे नाव सापडले तर दाव्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. नुसते ‘जुन्या वेली’ लिहिले असेल तर त्या शब्दांसाठी जास्त पैसे देऊ नका.

इतके कमी पीक, तरी भाव कमी कसा?

आता मूळ प्रश्न. वर काढलेला हिशेब पुढे नेऊ. समजा शेतकऱ्याला किलोला अर्धा युरो भाव मिळाला. 2,400 किलोंचे 1,200 युरो, तेही पूर्ण हेक्टराचे, वर्षभराचे. छाटणी हाताने, तोडणी हाताने, कारण अशा झुडपी वेलींवर तोडणीयंत्र चालत नाही. मजुरी वजा केली की उरते काय? शेजारची तारांवरची ठिबकवाली बाग हेक्टरी तिप्पट माल काढते. बदामही या भागात येतो. म्हणून फक्त द्राक्षे विकणाऱ्या शेतकऱ्याला जुनी बाग परवडत नाही, आणि सोसायटीच्या काट्यावर साठ वर्षांच्या वेलीचा किलो आणि सहा वर्षांच्या वेलीचा किलो सहसा एकाच ढिगात जातो.

आता हीच बाग वाइनरीच्या मालकीची आहे असे समजा. एका बाटलीत द्राक्षांची किंमत आहे 1.1 किलो गुणिले अर्धा युरो, म्हणजे 55 सेंट. बाटली, बूच, लेबल, खोका मिळून एक युरोच्या आसपास धरा. बनवण्याचा, साठवणुकीचा आणि व्यवस्थापनाचा खर्च धरून बाटली वाइनरीतून चार युरोंना निघाली आणि दुकानात सात युरोंना विकली गेली, तर कुटुंबाला प्रत्येक बाटलीमागे एक-दीड युरो सुटतो. 2,100 बाटल्यांचे दोन-तीन हजार युरो, आणि द्राक्षांची किंमत वेगळी. बाग टिकते.

या हिशेबात एक गोष्ट दडलेली आहे. द्राक्षांचा भाव दुप्पट केला तरी बाटलीमागे खर्च वाढतो फक्त 55 सेंटांनी. पिणाऱ्याला तो जाणवणारही नाही, पण शेतकऱ्यासाठी तो बाग ठेवणे आणि उपटणे यांतला फरक असतो. कौटुंबिक वाइनरीचे महत्त्व यात आहे: वेल ज्याची आहे तोच बाटली विकतो, त्यामुळे वेलीच्या गुणाचे पैसे मधे कुठे विरघळत नाहीत.

भाव कमी ठेवणारी बाकीची कारणे चवीशी संबंधित नाहीतच. जमीन वाडवडिलांची, तिच्यावर कर्ज नाही. फ्रान्समधल्या पोयाक गावात द्राक्षबागेचा हेक्टर वीस लाख युरोंच्या वर जातो. हुमियात त्याचा शंभरावा हिस्साही लागत नाही. पाऊस कमी, हवा कोरडी, म्हणून डावणी-भुरी या बुरशीजन्य रोगांवरच्या फवारण्या कमी. आणि नाव मोठे नाही. हुमियाची वाइन एके काळी टँकरने जायची, दुसऱ्यांच्या फिकट वाइनला रंग आणि ताकद द्यायला. ती ओळख पुसायला दोन पिढ्या लागल्या. हुआन हिल हे इथले 1916 पासूनचे कुटुंब. त्यांची बारा महिने फ्रेंच ओक लाकडाच्या पिंपात ठेवलेली मोनास्त्रेल आज कित्येक देशांत मिळते आणि तिने या प्रदेशाचे नाव बाहेर नेले. तरीही तशाच मेहनतीच्या प्रसिद्ध प्रदेशांतल्या बाटलीपेक्षा ती बरीच स्वस्त आहे. नाव मोठे झाले की भाव वाढेल. तोवर पिणाऱ्याचा फायदा आहे.

पिंपाचा खर्चही पाहण्यासारखा आहे. 225 लिटरच्या पिंपातून बरोबर 300 बाटल्या भरतात. नवे फ्रेंच ओक पिंप आठ-नऊशे युरोंना मिळते. ते एकदाच वापरले तर बाटलीवर तीन युरो चढतात, म्हणजे द्राक्षांच्या पाचपट. म्हणून समजूतदार वाइनरी स्वस्त वाइन जुन्या पिंपात, सिमेंटच्या टाकीत किंवा स्टीलमध्ये ठेवते. त्याने वाइन उणी होत नाही. उलट फळाची चव मोकळी राहते. सात युरोंच्या बाटलीला व्हॅनिला-नारळाचा दाट वास येत असेल तर तो नव्या पिंपाचा असण्यापेक्षा टाकीत सोडलेल्या ओकच्या चिपांचा असण्याची शक्यता अधिक. त्यात गैर काही नाही, पण मग जुन्या वेलींची चव त्याखाली झाकली जाते.

बनवताना कुठे बिघडते?

हुमियात तोडणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालते. क्षण निवडणे हे सगळ्यांत अवघड काम. आपल्या बागायतदारांना ब्रिक्स माहीत आहेच, म्हणजे रसातल्या गोडीचे प्रमाण. दर लिटरला साधारण 17 ग्रॅम साखर आंबली की 1 टक्का अल्कोहोल तयार होते. 25 ब्रिक्सला तोडलेल्या द्राक्षांची वाइन साडेचौदा टक्क्यांच्या आसपास जाते, 27 ला तोडली तर सोळाच्या घरात. मोनास्त्रेल शेवटच्या आठ-दहा दिवसांत धावते. चार दिवस उशीर झाला की मणी सुरकुततात, आंबटपणा पडतो आणि वाइन मनुकांच्या पाकासारखी लागते.

तोडलेला माल उथळ क्रेटमध्ये येतो, कारण खोल डब्यात खालचे मणी फुटतात आणि उन्हात तिथेच आंबायला लागतात. देठ काढून, मणी थोडे फोडून रस, साल आणि बिया एकत्र टाकीत जातात. रंग रसात नसतो, सालीत असतो. आंबताना साली वर तरंगून जाड थर होतो. दिवसातून दोनदा खालचा रस पंपाने त्यावर ओततात. तापमान 25 ते 28 अंश. ते 35 च्या वर गेले आणि साखरही खूप असली की यीस्ट मरते, आंबणे अर्ध्यात थांबते, उरलेल्या साखरेवर जिवाणू तुटून पडतात आणि वाइन व्हिनेगरकडे झुकते. जुन्या वेलींच्या, फार गोड द्राक्षांच्या बाबतीत ही भीती जास्त. म्हणून बारा ते पंधरा दिवस कुणीतरी रोज तापमान आणि घनता मोजत राहते.

मोनास्त्रेलची आणखी एक खोड आहे. हवा कमी मिळाली की तिला सडक्या अंड्याचा किंवा जळक्या रबराचा वास येतो. आंबताना यीस्टला नत्र कमी पडले की गंधकाचे वायू तयार होतात, आणि ही जात ते धरून ठेवते. वाइनरीत उपाय सोपा: वाइन एका टाकीतून दुसरीत हवा लागेल अशी ओतायची. बाटलीत हा वास हलकासा राहिला असेल तर वाइन काचेच्या भांड्यात ओतून अर्धा तास ठेवली की तो बहुधा जातो. घोड्याच्या तबेल्यासारखा वास मात्र वेगळा. तो ब्रेटानोमायसीस या यीस्टचा, अस्वच्छ पिंपातून येतो आणि हवेने जात नाही. काहींना तो थोडासा आवडतो. मला तो दोषच वाटतो, कारण त्याने बाग दिसेनाशी होते.

मग नाशिकला अशा जुन्या बागा का नाहीत?

नाशिकमध्ये वाइनच्या द्राक्षांची मोठी लागवड 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाली, त्यामुळे शंभरीचा प्रश्नच नाही. पण तिशीही बहुतेक बागा गाठत नाहीत, आणि त्याचे कारण हवामानात आहे. स्पेनच्या थंडीत वेल पाने गाळून तीन-चार महिने झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्याअखेरची फळ छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. वर्षातून दोनदा फुटायचे, पावसाळ्यात डावणी-करप्याशी झुंजायचे, पुन्हा फळ द्यायचे. साठा भरायला उसंत नाही. त्यात खोडकिडा आणि पाण्यातले क्षार. पंधरा वर्षांत उत्पादन उतरू लागते आणि शेतकरी बाग काढतो. त्याचा निर्णय हिशेबाने बरोबर असतो.

तरीही एखादी वाइनरी शिराज किंवा कॅबर्ने या जातींची पंचवीस वर्षांची बाग राखत असेल तर तिची वाइन वेगळ्या बाटलीत भरून लागवडीचे साल छापावे, असे मला मनापासून वाटते. आपल्या हवामानात पंचवीस हेही मोठे वय आहे.

भारतात आल्यावर ती परवडेल का?

समजा बाटली मुंबई बंदरात 400 रुपयांना पडली. 150 टक्के शुल्काने तिचे 1,000 होतात, 30 टक्क्यांनी 520. मात्र त्यावर राज्याचे कर, आयातदार, वितरक आणि दुकानदार यांचा वाटा चढतो आणि तो कराराने कमी होत नाही. म्हणून युरोपातल्या सात युरोंच्या बाटलीचे इथे सातशे रुपये होतील अशी अपेक्षा ठेवू नये. शुल्क कमी होण्याचा खरा परिणाम निवडीवर होईल. 150 टक्के असताना आयातदार ओळखीची नावेच आणतो. अनोळखी कुटुंबाची वाइन इतकी महाग करून विकायची जोखीम तो घेत नाही.

बाटली घेताना आणि उघडताना

मागचे लेबल वाचा. हुमिया हे प्रदेशाचे नाव, मोनास्त्रेल ही जात, द्राक्षे काढल्याचे साल, अल्कोहोल आणि बाटली वाइनरीतच भरल्याचा उल्लेख या गोष्टी पाहाव्यात. 15 टक्क्यांची वाइन साडेबारा टक्क्यांच्या वाइनसारखी प्यायची नसते. 150 मिलिलिटरच्या ग्लासात पंधरा टक्क्यांनी सुमारे 18 ग्रॅम अल्कोहोल जाते, साडेबारा टक्क्यांनी 15. दोन ग्लासांत हा फरक चांगलाच जाणवतो, आणि आरोग्याच्या दृष्टीने दारूचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही हेही माहीत असावे.

‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्या 30 अंशांत मोनास्त्रेल नुसती दारूसारखी जळते. उघडण्याआधी दीडेक तास फ्रिजमध्ये ठेवून 16-17 अंशांवर आणा. जेवणात मटण सुके, कबाब, वांग्याचे भरीत, कमी तिखट काळ्या मसाल्याची भाजी चालते. झणझणीत तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका; अल्कोहोल तिखटाची आग वाढवते आणि वाइनची चव हरवते. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते.

दुकानात बाटली उभी होती की आडवी, यापेक्षा ती किती उन्हाळे विनाएसी राहिली हे विचारा. या वाइन बहुतेक पाच-सहा वर्षांत प्यायच्या असतात. उष्णता लागलेल्या बाटलीचे बूच थोडे वर आलेले किंवा आवरणाखाली चिकट ओघळ दिसतो. तशी बाटली कितीही जुन्या वेलींची असली तरी परत ठेवा आणि ताज्या खोक्यातली मागा.